बेदाणा शेडमध्ये वायरलेस सेन्सर: कुठे, किती आणि पडदे कधी पाडायचे?

माळावरचा (तासगाव पूर्व भाग)

शेड १०० फूट लांब, १० फूट रुंद, ११ कप्प्यांचं रॅक. वर पत्रा, दोन्ही बाजूंना हिरवं शेडनेट आणि त्याबाहेर गुंडाळून वर घेता येणारे ताडपत्रीचे पडदे. एका वेळी साधारण १० टन द्राक्ष बसतं. माल थॉमसन आणि माणिक चमन, काढणी २२–२३ ब्रिक्सला (रसातल्या साखरेचं माप). डिपिंग (लवकर वाळावं म्हणून द्राक्ष द्रावणात बुडवणं) नेहमीचंच, लिटरला २५ ग्रॅम पोटॅशियम कार्बोनेट आणि १५ मिली डिपिंग ऑइल.

अडचण अशी की वरचे तीन कप्पे तयार होतात तेव्हा मधल्या कप्प्यांतला माल हाताला मऊच लागतो. त्यात मार्च-एप्रिलात अवकाळीचं ढगाळ वातावरण आलं की तोच मधला माल लाल पडतो. दाराशी घड्याळासारखा एक आर्द्रतामापक टांगलेला आहे, पण तो सांगतो दाराजवळची हवा.

८ वायरलेस सेन्सर लावून मोबाईलवर आकडे बघायचा विचार आहे. विचारायचं एवढंच:
१. सेन्सर कोणता? सगळीकडे डीएचटी२२ दिसतो, तो चालेल का?
२. रॅकमध्ये नेमका कुठे टांगायचा?
३. वाय-फाय, ब्लूटूथ की लोरा (कमी विजेत लांब पोचणारा रेडिओ)? शेडवर इंटरनेट नाही, मोबाईलची रेंज आहे, रात्री वीज बेभरवशाची.
४. मण्यातला ओलावा थेट मोजणारं काही मिळतं का?
५. आर्द्रता किती टक्के झाली की पडदे पाडायचे?

वाळवण

पाचव्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण त्याच्या उत्तरावर बाकीचं ठरतं. पडद्यासाठी टक्क्यांचा आकडा ठरवू नका. सापेक्ष आर्द्रता तापमानाबरोबर वरखाली होते. तीच हवा पहाटे ८५ टक्के दाखवेल आणि दुपारी ३०, तिच्यातलं पाणी मात्र जवळपास तेवढंच असेल. हवेत पाणी किती आहे हे कळायला दवबिंदू काढा, म्हणजे ज्या तापमानाला त्या हवेतल्या वाफेचं दव व्हायला लागतं ते. तापमान आणि आर्द्रता माहीत असली की तो सूत्रानं निघतो, कोडमध्ये चार ओळींचं काम आहे. मग आतल्या दवबिंदूची तुलना बाहेरच्याशी करा.

पहाटेचं उदाहरण घ्या. शेडमध्ये २३ अंश आणि ७८ टक्के, बाहेर १८ अंश आणि ८८ टक्के. टक्के बघणारा माणूस म्हणेल बाहेर जास्त ओल आहे, पडदे बंदच ठेवा. दवबिंदू काढला तर आत १९ अंश आणि बाहेर १६. म्हणजे बाहेरची हवा कोरडी आहे. ती आत येऊन २३ अंशांपर्यंत तापली की तिची आर्द्रता ६५ टक्क्यांच्या आसपास येते. पडदे बंद ठेवले तर द्राक्षातून निघालेलं पाणी आतच कोंडतं, आणि मधले कप्पे लाल पडायचं मोठं कारण हेच. पाणी हळू निघालं की सालीतल्या विकरांना रंग बदलायला जास्त वेळ मिळतो.

आता ढगाळ दिवस. आत २९ अंश आणि ६२ टक्के, बाहेर रिमझिम, २४ अंश आणि ९० टक्के. दवबिंदू आत २१, बाहेर २२ च्या थोडा वर. इथे मात्र पडदे पाडायचे, बाहेरची हवा पाणी घेऊन येते आहे.

माझा ठोकताळा: आतला दवबिंदू बाहेरच्यापेक्षा २ अंश किंवा जास्त वर असेल तर पडदे उघडे. फरक १ अंशाच्या आत असेल तर उघडझाप करून काही हाती लागत नाही, तिथे हवा तापवली तरच फायदा. बाहेरचा वर गेला की बंद. १ ते २ च्या मध्ये असेल तर पडदे आहेत तसेच राहू द्या, नाहीतर गडी रात्रभर पडदेच ओढत बसेल.

हा ठोकताळा पहिल्या टप्प्यासाठी, मण्यात भरपूर पाणी असेपर्यंत. माल १८–२० टक्के ओलाव्यावर आला की नियम बदलतो. तयार बेदाणा साखरेनं भरलेला असतो आणि हवा दमट झाली की तो पाणी परत ओढतो. तेव्हा दवबिंदूबरोबर मालाजवळची सापेक्ष आर्द्रताही बघावी लागते, ती ६० च्या वर रात्रभर राहता कामा नये. वरच्या उदाहरणातली पहाट शेवटच्या टप्प्यात आली तर मी पडदे बंदच ठेवीन. उघडले तर शेड १८ अंशांपर्यंत थंड होईल, मालाभोवतीची हवा ८८ टक्क्यांकडे जाईल आणि दिवसभरात घालवलेला ओलावा रात्रीत परत येईल.

जागा. आठही एका रेषेत टांगू नका. सहा आत, एक बाहेर, एक जादा. आतल्या सहांसाठी लांबीवर दोन ठिकाणं धरा: एक शेडच्या मध्यावर, दुसरं वाऱ्याच्या उलट टोकाला, म्हणजे हवा जिथून बाहेर पडते तिथे, कारण सगळ्यात ओली हवा तिथेच असते. प्रत्येक ठिकाणी तीन उंची: खालून दुसरा कप्पा, सहावा आणि वरून दुसरा. अगदी वरचा कप्पा पत्र्याच्या उष्णतेनं फसवतो आणि अगदी खालचा जमिनीच्या ओलीनं. सेन्सर रॅकच्या रुंदीच्या मध्ये यावा, नेटला चिकटून किंवा लोखंडी खांबाला बांधून नको.

बाहेरचा सेन्सर उत्तरेच्या सावलीत, जमिनीपासून ५ फुटांवर, पत्र्यापासून लांब. पांढऱ्या प्लास्टिकच्या ४–५ बशा बोटभर अंतर ठेवून एकाखाली एक बसवल्या की छत्री तयार. सेन्सरला थोडं ऊन लागलं तरी दवबिंदू फारसा बिघडत नाही, कारण तापमान चढतं तेवढ्या प्रमाणात टक्के उतरतात. टक्क्यांच्या मागे न लागण्याचं हे आणखी एक कारण.

आरएक्स_टीएक्स

इलेक्ट्रॉनिक्सचं मी सांगतो.

डीएचटी२२ नको. नवा असताना ठीक चालतो, पण ८०–९० टक्के आर्द्रतेत काही दिवस राहिला की आकडा वर सरकतो आणि खाली येत नाही. शिवाय बाजारात नकली माल फार. एसएचटी३१ किंवा एसएचटी४० घ्या. एसएचटी३१ ची अचूकता साधारण ±२ टक्के आणि ±०.२ अंश. त्यात छोटा हीटरही असतो, पहाटे चिपवर दव बसलं तर काही सेकंद चालू करून उडवता येतं. हीटर बंद केल्यावर चिप थंड होईपर्यंतचं वाचन टाकून द्यायचं. टोपीवर पांढरा पीटीएफई फिल्टर असलेलंच मॉड्यूल निवडा.

लावण्याआधी मिठाची परीक्षा घ्या. साध्या जाड्या मिठात थोडं पाणी घालून ओला लगदा करा, मीठ पूर्ण विरघळता कामा नये. तो बरणीच्या तळाशी ठेवा, सगळे सेन्सर त्याला न टेकता वर टांगा, झाकण घट्ट लावा आणि जिथे तापमान स्थिर राहील अशा खोलीत रात्रभर ठेवा. २५ अंशांच्या आसपास आकडा ७५ यायला हवा. २–३ टक्क्यांचा फरक कोडमध्ये वजा-अधिक करून टाका, ५ च्या वर असेल तर तो सेन्सर परत करा. आपल्याला आत-बाहेरचा फरक बघायचा असल्यामुळे सगळे सेन्सर एकमेकांशी जुळणं जास्त महत्त्वाचं, म्हणून एकाच बरणीत एकत्र ठेवायचे.

रेडिओ. भरलेल्या शेडमध्ये १० टन द्राक्ष म्हणजे जवळपास ८ टन पाणी, आणि वाय-फाय व ब्लूटूथच्या २.४ गिगाहर्ट्झ लहरी पाण्यात शोषल्या जातात. त्यात जाळीच्या तारा आणि पत्रा. रिकाम्या शेडमध्ये चाचणी करताना टोकापासून टोकापर्यंत सिग्नल मिळतो, माल भरला की अर्धे सेन्सर गायब. माल वाळत जाईल तसा सिग्नल सुधारत जातो, म्हणून पुष्कळांना वाटतं की आधी सॉफ्टवेअरच बिघडलं होतं.

लोरा घ्या. ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झचा पट्टा आपल्याकडे परवान्याशिवाय वापरता येतो. ८६८ लिहिलेलं मॉड्यूल चालतं, फक्त कोडमध्ये वारंवारता ८६५–८६७ मध्ये ठेवा. ९१५ वालं घेऊ नका, तो पट्टा आपल्याकडे खुला नाही. अँटेना म्हणून ८.६ सेंमीची सरळ तार पुरते. ती खांबाला समांतर चिकटवू नका आणि अँटेना न लावता मॉड्यूल चालू करू नका, पाठवणारा भाग जळू शकतो.

बॅटरीत सगळ्यात मोठी फसगत बोर्डाची होते. ईएसपी३२ (सेन्सर चालवणारी छोटी संगणक-चिप) चे तयार डेव्हलपमेंट बोर्ड झोपेतही काही मिलिअँपिअर खातात, कारण त्यावरची यूएसबी चिप, रेग्युलेटर आणि लाल दिवा झोपत नाहीत. १० मिलिअँपिअर धरले तर २५०० एमएएचचा ‘१८६५०’ आकाराचा सेल दहा दिवसांत संपतो, आणि एक लॉट वाळायला १२ ते १५ दिवस लागतात. नुसतं ईएसपी३२ मॉड्यूल किंवा कमी विजेसाठीच बनवलेला बोर्ड घ्या. दर १० मिनिटांनी एक सेकंद जागं होऊन आकड्यांचं पाकीट पाठवायचं आणि झोपायचं, एवढंच काम असेल तर सरासरी ०.२ मिलिअँपिअरच्या आसपास येते आणि सगळा हंगाम एका सेलवर निघतो. पत्र्याखालच्या गरमीत लिथियम आयर्न फॉस्फेट सेल जास्त बरा. त्याचा ३.२ व्होल्ट थेट ईएसपी३२ ला चालतो, रेग्युलेटरची गरजच नाही.

गेटवे, म्हणजे सगळ्या सेन्सरची पाकिटं गोळा करून इंटरनेटवर पाठवणारा बोर्ड, शेडच्या दाराशी, दुसऱ्या ईएसपी३२ वर. त्याला जुन्या मोबाईलचं हॉटस्पॉट द्या आणि टेलिग्रामवर निरोप पाठवायला सांगा. स्वतंत्र सिम मॉड्यूल घेणार असाल तर सिम८०० स्वस्त मिळतं, पण ते २जी आहे. जिओचं सिम त्यात चालत नाही आणि बाकीच्यांचं २जी गावात कसं आहे हे बघूनच पैसे घाला. गेटवेला ५ व्होल्टची पॉवर बँक जोडा, पण चार्ज होत असतानाही वीज देत राहणारी हवी. काही पॉवर बँका वीज आली-गेली की क्षणभर पुरवठा तोडतात आणि गेटवे दरवेळी नव्यानं सुरू होतो.

खरं तर १०० फुटांच्या एका जागच्या शेडला आरएस४८५ ची (लांबवर आकडे नेणारी) तार टाकून काम होतं आणि बॅटरीची कटकटही राहत नाही. पण बेदाणा पाडताना रॅक हलवतात तेव्हा तारा तुटतात, म्हणून वायरलेसला माझी हरकत नाही.

काडीकचरा

दोन्ही उत्तरं बरोबर, पण शेडमध्ये सेन्सर मरतो कशानं ते राहिलं.

पहिलं डिपिंगचं पाणी. माल भरल्यावर वरच्या कप्प्यातून खालच्यावर ते निथळत राहतं. त्यात पोटॅशियम कार्बोनेट आहे, आणि हे मीठ आर्द्रता साधारण ४३ टक्क्यांच्या वर गेली की हवेतलं पाणी ओढून ओलंच राहतं. त्याचा थर फिल्टरवर बसला की सेन्सर मालाभोवतीच्या हवेऐवजी त्या थराची ओल दाखवतो. दुपारी बाकीचे ३० दाखवत असतात आणि हा ४५–५० वर अडकलेला. वर तेलाचा पातळ पापुद्रा असतोच. म्हणून माल भरला त्या दिवशी सेन्सर लावू नका, निथळणं थांबल्यावर दुसऱ्या दिवशी लावा. डोक्यावर प्लास्टिकच्या डब्याचं झाकण छपरासारखं बांधा, बाजू मोकळ्या ठेवा. तिसऱ्या-चौथ्या दिवशी पुन्हा डिपिंगची फवारणी करत असाल तर त्या वेळी काढून घ्या.

दुसरी गंधकाची धुरी. सल्फर डायऑक्साइड आणि दमट हवा एकत्र आली की आम्ल तयार होतं, ते सोल्डर आणि तांब्याच्या रेघा खातं. पीटीएफई फिल्टर पाणी आणि धूळ अडवतो, वायू अडवत नाही. बोर्डावर लॅकर मारता येतं, पण सेन्सरच्या खिडकीवर मारता येत नाही. सेन्सरचं डोकं चार पिनांच्या कनेक्टरनं वेगळं होईल असं बनवा, धुरीआधी सगळी डोकी उपटून झिपच्या पिशवीत घाला, शेड पूर्ण मोकळी झाल्यावर परत लावा. धुरीत एकदा राहिलेला सेन्सर लगेच बंद पडेलच असं नाही, पण त्याची मिठाची परीक्षा पुन्हा घ्या.

तिसरं, डबी बंद करायला सिलिकॉन वापराल तेव्हा व्हिनेगरसारखा वास येणारं नको. त्या वाफेनंही चिप बिघडते.

वाळवणदादांच्या एका गोष्टीशी मी सहमत नाही. अगदी वरचा कप्पा फसवतो हे खरं, पण हिरव्या मालाला धोका तिथूनच. पत्रा तापला की वरच्या कप्प्याचं तापमान मधल्यापेक्षा बरंच वर जातं, माल कडक होतो आणि रंग जातो. जादा सेन्सर तिथे लावा, आर्द्रतेसाठी नाही, तापमानासाठी.

माळावरचा

धन्यवाद मंडळी. चौथा प्रश्न राहिला, मण्यातल्या ओलाव्याचा. जमिनीतला ओलावा मोजणारे कपॅसिटिव्ह सेन्सर स्वस्तात मिळतात, ते घडात खोचले तर? आणि मध्यावर एक पंखा बसवायचा म्हणतो, तो सेन्सरवर चालवता येईल का?

वाळवण

मातीचा सेन्सर घडात खोचून काही कळणार नाही. मणी आणि पात्यामध्ये किती हवा राहिली यावर त्याचा आकडा ठरतो. मणी आकसला की हवा वाढते आणि सेन्सर माल वाळला म्हणून सांगतो. दोन टोकांचे टोचणीवाले मीटरही बेदाण्यावर भरवशाचे नाहीत, सालीवर कार्बोनेट असल्यामुळे वीज तिथूनच वाहते.

वजन करा. ज्या जाळीवर माल आहे त्याच जाळीचा २ फूट बाय २ फूट तुकडा चौकटीत बसवून ट्रे बनवा. त्यात मोजून ५ किलो द्राक्ष पसरा, बाकीच्या मालासारखं डिपिंग केलेलं आणि निथळलेलं. ट्रे सहाव्या कप्प्याच्या उंचीवर १० किलोच्या लोड सेलला (वजन मोजणारा सेन्सर) टांगा, त्याचा आकडा वाचायला एचएक्स७११ चिप लावा. २३ ब्रिक्सच्या द्राक्षात घन भाग साधारण २४ टक्के धरा, म्हणजे ५ किलोत १.२ किलो. १५ टक्के ओलाव्याच्या बेदाण्यात घन भाग ८५ टक्के, म्हणून १.२ भागिले ०.८५, म्हणजे सुमारे १.४ किलो. ट्रे १.५ वर आला की रोज हात लावून बघा, १.४ ला माल पाडायला तयार. काड्यांचं वजन यात धरलेलं आहे, त्यामुळे ५०–६० ग्रॅम इकडेतिकडे होणारच. पहिल्या लॉटला हाताच्या अंदाजाशी आकडा जुळवून घ्या, पुढच्या लॉटला तोच वापरा.

लोड सेल दोन प्रकारे फसवतो. वाऱ्यानं ट्रे झुलतो, म्हणून एक वाचन न घेता मिनिटभर वाचनं घेऊन मधलं धरा, आणि रोजची तुलना पहाटे पाचच्याच आकड्यांची करा, वाराही शांत असतो आणि तापमानही सारखं. दुसरं, बरेच दिवस वजन टांगलेलं राहिलं की शून्य सरकतं. दिवसातून एकदा ट्रे उचलून शून्य बघा. नाहीतर शेजारी तसाच दुसरा लोड सेल २ किलोच्या मापाला टांगून ठेवा, त्याचा आकडा जितका सरकेल तितका पहिल्यातून वजा करा. फवारणी केली त्या दिवशी वजन थोडं चढेल, ती नोंद गाळा.

वजन घटायचं थांबलं म्हणजे माल झाला असं धरू नका. ढगाळ हवेत १.७ किलोवरही घट थांबते. त्या वेळी सहाव्या कप्प्यातली आर्द्रता बघा. ती ६०–६५ च्या वर असेल तर माल हवेशी तोलला गेलाय, वाळलेला नाही.

आरएक्स_टीएक्स

पंख्याला तोच नियम लावा: आतला दवबिंदू बाहेरच्यापेक्षा २ अंशांनी वर असेल तर चालू, १ अंशाच्या खाली आला की बंद. चालू आणि बंदचे आकडे वेगळे ठेवा, एकच ठेवला तर रिले दर मिनिटाला टकटक करत राहतो. शेवटच्या टप्प्यासाठी एक हातचं बटण ठेवा, त्यानं पंख्याचा हा नियम रात्रीपुरता बंद करता आला पाहिजे. वरचा वाळवण यांचा इशारा पंख्यालाही लागू आहे.

मध्यावर मात्र पंखा बसवू नका. नेट उघडं असताना मध्यावरचा एक्झॉस्ट शेजारच्या पाच फुटांतून हवा ओढतो आणि टोकाचा माल तसाच कोंडलेला राहतो. वाऱ्याच्या उलट टोकाला, खालच्या तीन-चार कप्प्यांच्या उंचीवर लावा. पंखा चालवायचा तेव्हा बाजूचे पडदे पाडा आणि फक्त समोरचं टोक उघडं ठेवा, म्हणजे हवा १०० फूट मालातून जाते. आठ-दहा मिनिटांत दूरच्या टोकाच्या सहाव्या कप्प्याचा दवबिंदू उतरायला लागला नाही तर कुठून तरी गळती आहे, पडद्याच्या कडा बघा.

टेलिग्रामवर निरोप तीनच ठेवा, जास्त ठेवले की माणूस वाचायचं सोडतो. बाहेरचा दवबिंदू सलग ३० मिनिटं आतल्यापेक्षा वर. वरच्या कप्प्याचं तापमान तुम्ही ठरवाल त्याच्या वर. आणि एखाद्या सेन्सरकडून ४० मिनिटं पाकीट नाही. तिसरा सगळ्यात उपयोगी, कारण मेलेल्या सेन्सरचा शेवटचा आकडा पडद्यावर तसाच राहतो आणि सगळं ठीक आहे असं वाटतं.

काडीकचरा

अवकाळीत रॅकवर थेट प्लास्टिक टाकणार असाल तर एक बघा. रात्री ते प्लास्टिक हवेआधी थंड होतं आणि आतल्या बाजूला थेंब धरतात. वरच्या कप्प्यापासून निदान फूटभर वर आणि उतार देऊन बांधा, म्हणजे थेंब कडेला ओघळतील, मालावर पडणार नाहीत. एका सेन्सरचं डोकं त्या प्लास्टिकच्या आतल्या बाजूला टेकवून बांधलं तर त्याचं तापमान आतल्या दवबिंदूच्या खाली जायला लागलं की आधीच कळतं. तिथे जादा सेन्सर पुरेल.

माळावरचा

म्हणजे एकूण ९ लागतील: आत ६, बाहेर १, पत्र्याखाली १, प्लास्टिकला १. आणि वजनाचा ट्रे वेगळा. एका बोर्डाला दोन सेन्सर जोडले तर बोर्ड कमी लागतील ना?

आरएक्स_टीएक्स

एसएचटी३१ ला दोनच पत्ते (बोर्ड ज्यावरून सेन्सर ओळखतो ते क्रमांक) निवडता येतात, त्यामुळे बोर्डाला दोनपर्यंत चालतील. पण तार प्रत्येकी मीटरभराच्या आत ठेवा, लांब तारेवर वाचन मधूनच गळतं. पत्र्याखालचा आणि प्लास्टिकचा असे दोन एका बोर्डावर घ्या, ते जवळजवळ आहेत. सहावा कप्पा आणि वरून दुसरा यांत अंतर जास्त, तिथे बोर्ड वेगळेच लावा.